मोबाईलवर बीपी कळतं का?

‘कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी सांगणारं अ‍ॅप आहे, ते घेऊ का?’ घरात साठीपुढचं कोणी असेल, तर हा प्रश्न आज ना उद्या निघतोच. त्यामागोमाग दुसरा येतो. मुलानं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ म्हणतं, हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत. खरं मानायचं? आणि तिसरा: शुगरच्या अ‍ॅपनं इन्सुलिनचा डोस सांगितलाय, तेवढं टोचू का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, पण ती शोधायची वाट एकच. पडद्यावरचा आकडा आला कुठून, हे आधी विचारायचं. मग तो पुढे कोणाच्या हातात जाणार आहे, हे विचारायचं. दुकानदार, जाहिराती आणि आपणही पहिल्या प्रश्नातच रमतो. रुग्णाचं भलं व्हायचं की नाही, हे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. हे प्रकरण त्याच क्रमानं जाईल.

१. बोटावरून काय कळतं

कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट टेकवलं आणि शेजारचा दिवा लागला, की उजेड कातडीतून आत शिरतो. हृदयाचा ठोका पडला की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जास्त रक्त येतं. ते थोडा जास्त उजेड शोषून घेतं, आणि कॅमेऱ्याला बोट क्षणभर किंचित काळसर दिसतं. पुढच्या क्षणी पुन्हा उजळ. ही उघडझाप मोजली की नाडीचा वेग मिळतो. हात स्थिर असेल, बोट गार पडलेलं नसेल, तर हा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो.

रक्तदाबाचं तसं नाही. दाब मोजायचा तर बाहेरून दाबून बघावं लागतं. दंडाला गुंडाळलेला पट्टा फुगवला की धमनीतला प्रवाह थांबतो. हवा हळूहळू सोडत नेली की एका दाबाला रक्त पुन्हा वाहू लागतं. तो वरचा आकडा. आणखी सोडली की धमनीला पट्ट्याचा अडथळाच उरत नाही, तो खालचा. फोनचा कॅमेरा काहीही दाबत नाही. त्याला दिसते फक्त उघडझाप, आणि तिच्यावरून दाबाचा अंदाज बांधावा लागतो.

असा अंदाज किती घातक ठरतो, याचं नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं अ‍ॅप २०१४-१५मध्ये तिथं एक लाखाहून अधिक वेळा विकलं गेलं. फोन छातीला लावायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, की बीपी हजर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ८५ जणांवर ते पट्ट्याच्या यंत्राशी ताडून पाहिलं आणि निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांचा दाब खरोखरच वाढलेला होता, त्यांच्यातल्या जवळजवळ पाचपैकी चौघांना अ‍ॅपनं ‘वाढलेला नाही’ असं दाखवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या ग्राहक-संरक्षण आयोगानं कंपनीवर कारवाई केली. चुकीचा आकडा वाढीव असता, तर माणूस घाबरून निदान डॉक्टरकडे तरी गेला असता. इथं तो निर्धास्त होऊन घरी बसत होता, आणि वाढलेल्या रक्तदाबाला दुखणंखुपणं नसतं.

पट्ट्याचं यंत्र ब्लूटूथनं फोनला जोडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं मोजमाप पट्टा करतो, फोन फक्त लिहून घेतो. बोटाला सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांनाही हीच कसोटी लावा. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४मध्ये दिला होता. आपल्याकडे २०२० सालच्या अधिसूचनेनं निदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आणलं. ‘फिटनेससाठी’ अशी चिठ्ठी लावून विकलेल्या अ‍ॅपला मात्र तेवढी चाळणी लागत नाही. म्हणून अ‍ॅपच्या माहितीत ‘हे वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलंय का, ते आधी वाचावं.

२. लिहून ठेवण्याचं काम

अ‍ॅपचा सर्वांत साधा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते विसरत नाही.

बीपी दर तासाला बदलतं. दवाखान्यात रांगेत बसून, धास्तावून मोजलेलं बीपी पुष्कळांचं वाढीव निघतं. म्हणून घरी आठवडाभर मोजायची पद्धत आहे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पायावर पाय न ठेवता बसायचं, हात छातीच्या पातळीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एकेक मिनिट. सात दिवसांत २८ नोंदी होतात. पहिल्या दिवशी यंत्राची सवय नसते, म्हणून त्या दिवसाच्या चार सोडायच्या. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढायची.

समजा, एका गृहस्थांचं दवाखान्यातलं बीपी १५२/९४ आलं. घरची सरासरी १२८/८० निघाली. घरच्या मोजणीची मर्यादा १३५/८५ धरतात, म्हणजे दवाखान्यातल्या १४०/९०पेक्षा थोडी खाली. या गृहस्थांना कदाचित गोळी लगेच लागणारही नाही. उलटही घडतं: दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेलं. अशा लपलेल्या बीपीचा पत्ता नुसत्या तपासणीच्या दिवशी लागत नाही.

पण ओपीडीत डॉक्टरांच्या हाती एका रुग्णासाठी मिनिटं मोजकीच असतात. त्यांच्यापुढं फोन धरून दोनशे नोंदी वर-खाली सरकवल्या, तर त्यातलं काहीच वाचलं जात नाही. सरासरी, सर्वांत जास्त आकडा आणि कोणती गोळी कधीपासून चालू आहे, एवढं एका कागदावर उतरवून न्यावं. केसपेपरला जोडलेला तो कागद पुढच्या खेपेलाही सापडतो.

३. घड्याळानं घंटा वाजवली तर

काही घड्याळं नाडीच्या उघडझापेतला अनियमितपणा ओळखून सूचना देतात. त्यांना शोधायचा असतो हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा एक विकार. त्यात ते कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. तेव्हा वेळीच सूचना मिळणं फार मोलाचं. पण सूचना आली म्हणजे विकार आहेच का?

इथं थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दहा हजार तरुण घ्या, त्यांतल्या ५० जणांना हा विकार आहे. घड्याळ चांगलं आहे: ते ५०पैकी ४९ जणांना पकडतं, आणि निरोगी माणसांत शंभरातून एकदाच चुकतं. निरोगी आहेत ९,९५०, म्हणजे खोट्या घंटा सुमारे १००. एकूण घंटा १४९, खऱ्या ४९. तिघांतल्या एकालाच खरा विकार.

आता तेच घड्याळ पंचाहत्तरीपुढच्या दहा हजार जणांना बांधा, आणि त्यांतल्या हजार जणांना विकार आहे असं धरा. घड्याळ ९८० जणांना पकडेल. निरोगी ९,०००, खोट्या घंटा ९०. आता दहापैकी नऊ घंटा खऱ्या. घड्याळ बदललं नाही, मनगट बदललं. गहू निवडायला बसलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही: पोत्यात खडे जितके कमी, तितके खडा म्हणून उचललेल्या दाण्यांत काळपट पडलेले गहूच जास्त निघतात.

अमेरिकेत २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच सूचना आली. त्यांना छातीला चिकटवायची ईसीजीची पट्टी टपालानं पाठवली. ती वापरून परत पाठवणाऱ्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत विकार दिसला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्या सगळ्या सूचना खोट्या होत्या असं म्हणता येत नाही. पण सूचना हे निदान नव्हे, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. घड्याळानं सांगितलं तर ईसीजी काढून घ्यावा. आणि घड्याळ गप्प आहे म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नये. हार्ट अटॅक ओळखणं हे त्या घड्याळाचं कामच नाही.

४. इन्सुलिनचा हिशेब

आतापर्यंत अ‍ॅप माहिती देत होतं. डोस सांगू लागलं, की जोखीम पुष्कळ वाढते.

जेवणाआधीच्या इन्सुलिनचा हिशेब दोन भागांत होतो. एका रुग्णाला डॉक्टरांनी सांगितलंय: दर १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट, आणि शुगर १२०च्या वर असेल तर दर ४०ला आणखी १ युनिट. आत्ता शुगर २४०, ताटात दोन ज्वारीच्या भाकऱ्या. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत कर्बोदकं सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे दोनमध्ये ८०. जेवणासाठी ८ युनिट, वाढलेल्या शुगरसाठी ३. एकूण ११. (हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. स्वतःवर लावू नये.)

आता चुका बघा. अ‍ॅपच्या यादीत भाकरी नाही, म्हणून ‘रोटी’ निवडली. यादीतली रोटी पातळ, १५ ग्रॅम कर्बोदकांची. हिशेब ८०ऐवजी ३० ग्रॅमचा झाला, डोस पाच युनिटनं कमी पडला. दुसरी चूक जास्त वाईट. दोन तासांपूर्वीच इन्सुलिन घेतलेलं आहे आणि त्याचा असर अंगात शिल्लक आहे. अ‍ॅप ते विचारत नसेल, तर त्याच वाढलेल्या शुगरसाठी पुन्हा ३ युनिट सांगेल. शुगर एकदम खाली येईल. घाम, थरथर, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी.

ही भीती कल्पनेतली नाही. इंग्रजीतली अशी ४६ अ‍ॅप्स तपासणारा एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३१ अ‍ॅप्समध्ये चुकीचा डोस निघण्याचा धोका आढळला. कित्येकांत तर आकडा भरलाय की नाही हेही धड तपासलं जात नव्हतं. डोसाचं अ‍ॅप वापरायचंच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्यात स्वतः आकडे भरून द्यावेत, आणि नेहमीच्या चार-पाच ताटांचा हिशेब त्यांच्यासमोर करून ताडून घ्यावा. जितकं पीठ तितकी कर्बोदकं, म्हणून भाकरीचं पीठ एकदा तरी काट्यावर तोलावं.

५. फोन सिस्टरच्या हातात

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: आकडा कोणाकडे जातो?

बीपीची गोळी स्वस्त असते, सरकारी केंद्रात फुकट मिळते. तरी बीपी आटोक्यात का राहत नाही? कारण बरं वाटतं म्हणून माणूस पुढच्या महिन्यात येत नाही, आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जाडजूड रजिस्टरात गेल्या महिन्यात कोण आलं ते लिहिलेलं असतं. कोण आलं नाही, हे शोधायला सगळी पानं उलटावी लागतात.

२०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं नेमकं हे दुखणं पकडलं. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. उपचाराची ठरलेली पायरी-पायरीची पद्धत, औषधांचा पुरता साठा, घराजवळच्या केंद्रात गोळ्या आणि रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची अंगं. पाठपुराव्यासाठी पंजाब आणि महाराष्ट्रात ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप आलं. ते रुग्णाच्या फोनमध्ये नसतं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या फोनमध्ये असतं.

समजा, गोंदवल्याजवळच्या एखाद्या गावातल्या मावशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. त्यांच्याकडे क्यूआर कोडचं कार्ड आहे. सिस्टर ते स्कॅन करते, मागची बीपी आणि गोळ्या पडद्यावर येतात. आजचं बीपी दोन आकड्यांत भरायचं, गोळी तीच की बदलली ते नोंदवायचं, पुढची तारीख द्यायची. झालं. नेटवर्क नसलं तरी नोंद होते, रेंज आल्यावर पुढे जाते. मावशींच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या, आणि स्मार्टफोनची त्यांना गरजच नाही.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. तारीख उलटली आणि मावशी आल्या नाहीत, की त्यांचं नाव आपोआप वेगळ्या यादीत चढतं. दुपारी गर्दी ओसरली की सिस्टर ती यादी उघडून एकेकाला फोन लावते. ‘मावशी, गोळ्या संपल्या असतील ना? येताय ना या आठवड्यात?’ येते म्हणाल्या, नंतर आठवण करा म्हणाल्या, की लेकीकडे गेल्यात, याची नोंद तिथंच होते. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला किती जणांचं बीपी १४०/९०च्या खाली आलं, हे केंद्रागणिक दिसतं.

या अ‍ॅपमध्ये चमत्कारिक असं काहीच नाही. न आलेल्या माणसाचं नाव ते पुढं आणतं, आणि त्या नावाला फोन लावणारी एक जबाबदार बाई आहे. उपक्रमाला २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्याचं श्रेय या जोडीला मी देईन.

व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी ‘ई-संजीवनी’ सेवेतही ही जोडी दिसते. गावातल्या उपकेंद्रात रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, पडद्यावर मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर. पोट दाबून बघायचं, पायाची सूज बोटानं तपासायची, तर तिथं हात हजर असतो. फेब्रुवारी २०२३पर्यंत या सेवेनं दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

६. मिस्ड कॉल म्हणजे गोळी नव्हे

क्षयरोगाचं औषध नेहमीच्या रुग्णाला सहा महिने, न चुकता घ्यावं लागतं. ‘९९डॉट्स’ या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटावर फोन नंबर लपवलेले असत. गोळी बाहेर काढली की नंबर दिसायचा, त्यावर रुग्णानं मिस्ड कॉल द्यायचा. खर्च शून्य, साधा फोन पुरे. कल्पना सुंदर होती.

पण लघवीतला औषधाचा अंश तपासून ताळा घेतला, तेव्हा फोनची नोंद आणि प्रत्यक्षात घेतलेली गोळी यांचा मेळ अपेक्षेइतका बसत नव्हता. गोळी घेऊन कॉल न देणारे होते, तसे कॉल देऊन गोळी न घेणारेही. घरात एकच फोन, तोही दिवसभर कामावर गेलेल्या माणसाकडे. शिवाय टीबी झालाय हे शेजारी कळायची भीती. ज्याचा कॉल आला नाही, त्याच्या दारी माणूस जात असेल तेव्हाच अशी नोंद कामाची. कॉल न आल्याची नुसती लाल खूण पाहून ‘रुग्ण ऐकत नाही’ असा शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

७. भरायचं कोणी?

अ‍ॅपनं वेळ वाचतो म्हणतात. कोणाचा? गावपातळीवर गरोदर बायांचं अ‍ॅप वेगळं, लसीकरणाचं वेगळं, बीपी-शुगरच्या तपासणीचं वेगळं, क्षयरोगाचं वेगळं. भरीला रजिस्टरं सुटलेली नाहीतच. एकच नाव चार ठिकाणी भरण्यात जो तास जातो, तो गृहभेटीतून कापला जातो.

महाराष्ट्रानं याचा उद्रेक पाहिला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. फोन जुने, सारखे बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च खिशातून, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. मराठीत काम करणाऱ्या बाईला मराठीत अ‍ॅप मागावं लागलं, हे मला अजूनही खुपतं.

रुग्णांकडेही फोन आहे असं गृहीत धरता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं होतं. मुंबईतल्या ‘अरमान’ संस्थेनं डॉ. अपर्णा हेगडे यांच्या पुढाकारानं ‘एममित्र’ सेवा उभारली, तेव्हा अ‍ॅपचा हट्ट धरला नाही. गरोदर बाईला तिच्या सोयीच्या वेळी फोन येतो आणि तिच्या भाषेत त्या आठवड्याची माहिती ऐकू येते. वाचता येण्याचीही अट नाही.

८. भलत्याच हातात

आकडा डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, पण जाहिरातदारापर्यंत पोचतो, असंही घडतं. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ अ‍ॅपनं खासगी ठेवण्याचं वचन दिलेली माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना कळवली, असा आरोप अमेरिकेच्या त्याच ग्राहक-संरक्षण आयोगानं ठेवला. ते प्रकरण २०२१मध्ये तडजोडीनं मिटलं. औषधांवर सवलत देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ला तशाच आरोपावरून २०२३मध्ये १५ लाख डॉलरचा दंड झाला. कोणती गोळी घेता यावरून कोणता आजार आहे ते कळतंच.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाच्या व्यवस्थेतही आपले कागद कोणत्या रुग्णालयाला, किती दिवस दाखवायचे, याची परवानगी आपणच द्यायची असते. ती देताना मुदत वाचा. सगळं आणि कायमचं द्यायची गरज सहसा नसते.

नवं अ‍ॅप घेतलं की ते काय-काय मागतं ते बघा. बीपी लिहून ठेवणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या संपर्कांची यादी आणि ठिकाण कशाला हवं? मागत असेल तर नकार द्या. नकारानंतर चालत नसेल तर दुसरं घ्या. वापर थांबवताना पडद्यावरून चिन्ह काढून टाकलं म्हणजे माहिती गेली, असं होत नाही. ती कंपनीच्या संगणकावर तशीच असते. आधी आपल्या नोंदी उतरवून घ्या, मग सेटिंगमध्ये जाऊन खातं पुसा, आणि त्यानंतरच अ‍ॅप काढा.